काळी वायर आधी

माझ्या भावाच्या चाकाच्या खुर्चीचा बोर्ड तिसऱ्यांदा मेला, तेव्हा तो म्हणाला, "ताई, सोड आता नाद. ऑफिसला कळवून टाकतो, सोमवारपासून जमणार नाही म्हणून."

अपघातानंतर इतके दिवस घरात काढल्यावर मिळालेली नोकरी. ऑफिस दोन चौक पलीकडे. ढकलायला माणूस ठेव, असं सगळ्यांनी सुचवलं. पण त्याला आपलं आपण जायचं होतं. म्हणून खुर्चीची बॅटरी त्याने स्वतः बांधली आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा बोर्डही स्वतःच आखला. सोल्डरिंगचे डाग देऊन भाग बसवायचं काम माझं. मिक्सर-रेडिओ उघडत उघडत शिकलेली मी दुरुस्तीवाली.

या बोर्डाचं काम घरातल्या थोरल्या जावेसारखं. बॅटरीतल्या कोणत्या सेलच्या ताटात किती पडलं ते बघायचं आणि कोणी जास्त ओरपायला लागला की हात धरायचा. नेमकी ही मोजदाद करणारी चिपच दर वेळी जळायची.

"तुझा डाग कच्चा असेल," भाऊ म्हणाला.

"आणि तुझं डोकं पक्कं आहे वाटतं?"

मी डाग भिंगाखाली तपासले, त्याने आखणी पुन्हा तपासली. दोन्ही ठीक. माझ्या टेबलावर बोर्ड दिवसभर गुण्यागोविंदाने नांदायचा. त्याच्या घरी एक रात्र काढली की सकाळी गार. म्हणजे खोट बोर्डात नव्हती, त्या घरात होती.

नवी चिप बसवून संध्याकाळी बोर्ड दिला आणि सकाळी चहाही न घेता आई आणि भावाच्या दारात हजर झाले. भावाच्या खोलीत डोकावले तर तो झोपलेला, आणि आई भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून खुर्चीमागे बसलेली. बॅटरीच्या सगळ्या वायरी सुट्या. बारीक तारांचा जोड ती खाचेत घालणार, एवढ्यात मी ओरडले, "आई, थांब!"

ती दचकली. "केवढ्यानं ओरडतेस! मी रोजच लावते की."

"रोज?"

"रात्री काढून ठेवते, सकाळी लावते. आधी ही बारकी, मग काळी. काळी मेली ठिणगी उडवते, म्हणून तिला शेवटी."

मी कपाळाला हात लावला. जाड काळी वायर लागेपर्यंत बोर्डाच्या पायाखाली जमीनच नसते. मग सगळी वीज वाट शोधत त्या चिमुकल्या चिपमध्ये घुसते. तिचा जीव तो केवढा!

भाऊ जागा झाला होता. "आई, तीन चिपा जाळल्यास! मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काढू दिली असतीस?"

"नाही."

"मग?" आईने हातातला जोड खाली ठेवला. "बॅटऱ्या पेटतात म्हणे. तू ती उशाशी घेऊन झोपतोस. आग लागली तर तू पळणार आहेस का?"

अपघातापासून हे वाक्य आमच्यापैकी कोणीच उच्चारलं नव्हतं. भाऊ कोपरांवर रेलून उठला. मला वाटलं, आता हा आईवर कडाडणार.

"पळेन की," तो म्हणाला. "पण तू बॅटरी काढून ठेवलीस तर कशावर बसून पळू?"

आई पलंगाच्या कडेला टेकली. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि एक हातमोजा काढून मांडीवर ठेवून बसून राहिली.

"ताई," जरा वेळाने भाऊ म्हणाला, "सगळ्या वायरींचा मिळून एकच जोड करू. काळीची पिन लांब, बाकीच्या आखूड. कोणी कसाही खुपसला तरी काळीच आधी टेकेल. ठिणगीचाही बंदोबस्त करतो. चार्जिंग दिवसा, बाहेरच्या खोलीत, आईच्या डोळ्यांसमोर."

"आणि रात्री?" आईने विचारलं.

"रात्री लावलेली राहू दे, आई."

तिने दुसरा हातमोजाही काढला. मग म्हणाली, "खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून ठेवायची. तोंड दाराकडे."

संध्याकाळी नवा जोड बसवल्यावर आईने त्याला पलंगावर निजवलं आणि फर्मावलं, "हं, आग लागली. बसून दाखव." पहिल्यांदा खुर्चीचं चाक तिच्याच चपलेत अडकलं. "मेलास!" आई म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्या खेपेला तो तिच्या आधी दारात पोचला आणि मागे वळून म्हणाला, "आता तुला कोण वाचवणार?"

सोमवारी तो कामाला निघाला तेव्हा आई गाढ झोपली होती. त्याने तिला उठवलं नाही. दार हळूच ओढून घेतलं.