मागे टाकायची पावलं

वडील गेल्यापासून त्यांचा क्लबच्या हॉलमधला डान्स क्लास बंद पडला होता. तो त्यांच्या थोरल्या मुलीला हवा होता आणि तिच्या धाकट्या भावालाही. चार वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. सेक्रेटरीने दोघांना एकाच दुपारी बोलावून घेतलं. सभासदांसमोर प्रत्येकाने एका नाचाची माहिती सांगायची आणि तो करून दाखवायचा. शहरात हे नाच जाणणारं तिसरं कोणी नव्हतं, म्हणून जोडीदार एकमेकांचेच.

"हात धुतलेस ना?" थोरलीने विचारलं.

"तुझा धरल्यावर धुणार आहे, ताई."

तिने वॉल्ट्झ सांगितला. मुळात तो खेड्यांतला, गरागरा फिरायचा नाच. दरबारी दिवाणखान्यांत शिरला, तेव्हा बाईच्या कमरेवर परक्याचा हात बघून भल्याभल्यांच्या भुवया चढल्या. संगीत सुरू झालं आणि पहिल्याच ठोक्याला दोघांनीही पुढे पाऊल टाकलं. गुडघ्यावर गुडघा आपटला. क्लासमध्ये पुरुष कमी म्हणून वडिलांनी तिला दोन्ही बाजू शिकवल्या होत्या. सवयीने ती पुरुषाच्या पावलावर गेली. सभासद हसले. ओठ आवळून ती बाईच्या पावलांवर आली, म्हणजे उलटी चालू लागली. भावाने तिला नेमकं खांबाकडे रेटलं.

"मागे खांब आहे," ती पुटपुटली.

"माहितीये."

तिचा खांदा खरचटला. चेहरा तिने हलू दिला नाही.

मग भावाने टँगो रंगवून सांगितला. बंदराजवळच्या गरीब वस्त्या, पुरुष फार, बायका थोड्या. पुरुष आपापसांत सराव करायचे, आणि नवशिक्याला आधी बाईची पावलं करावी लागत. टाळ्या पडल्या. बोलण्यात तो थोरलीला कधीच हार गेला नव्हता.

सेक्रेटरीने चष्मा पुसला. "मग आता तीच बाईची पावलं दाखवा. आपल्याकडे सतरा बायका आहेत. त्यांना कोण शिकवणार?"

"ते ताई बघेल की."

"क्लास एकालाच द्यायचाय."

थोरलीने डावा हात वर धरला. "ये. मी नेते."

तो आला. दर पावलाला मान वळवून तो मागे बघत होता.

"मागे बघू नकोस. मी बघतेय."

"म्हणूनच बघतोय."

सहाव्या पावलाला तिच्या बुटावर पाय देऊन त्याने हात झटकला. "असलं मी नाही नाचत."

"बाबांनी तुला अर्धंच शिकवलं," ती म्हणाली.

"मी मोठा होईपर्यंत तुला पुरुष म्हणून वापरलं त्यांनी!"

सेक्रेटरीने हॉलची किल्ली थोरलीपुढे धरली. तिने ती घेतली आणि सभासदांकडे वळली.

"पुरुषांनी उठा. पहिला महिना तुम्ही बाईच्या पावलांनी मागे चालायचं."

भाऊ दाराकडे वळला. चार पुरुषांपैकी दोघे उठले ते त्याच्या मागोमाग बाहेर पडले. तिने हाक मारली नाही. उरलेल्या दोघांतल्या जाडजूड गृहस्थाचा हात तिने घट्ट धरला आणि मोजायला सुरुवात केली.