आधी गोन्ता, मग हात्सु

रोज संध्याकाळी सहाला फोन वाजायचा आणि रोज तेइझोच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याची बायको सुमिए दोन दिवसांसाठी म्हणून योकोतेला गेली होती. बहिणीचा हात मोडला होता. ती पोचली त्याच दुपारी बर्फ सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. गाडी बंद, रस्ता बंद. घरात राहिले तिघं: एकाहत्तर वर्षांचा तेइझो, गोन्ता हा म्हातारा कुत्रा आणि हात्सु ही मांजर. मांजर कसली, महाराणीच ती.

जाताना सुमिएने फ्रिजवर कागद चिकटवला होता. गोन्ताला औषध कसं भरवायचं, हात्सुचा मासा किती उकडायचा, काटे कसे काढायचे. बारीक अक्षरांत दोन पानं. शेवटी एक ओळ: 'तुमचा भात कुकरमध्ये.' अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या वाट्याला एक ओळ! तेइझोने ती चार वेळा वाचली आणि चारही वेळा संतापला.

फोनवरही तीच तऱ्हा.

"अहो, गोन्ता जेवला का?"

"जेवला."

"आणि हात्सु? रुसली नाही ना?"

"नाही."

"बरं, ठेवते."

ठेवते! लाकडाच्या वखारीत ज्याच्या एका हाकेला तीस माणसं उभी राहायची, त्याने मांजरीसाठी काटे काढत बसावं आणि त्याची साधी चौकशीही होऊ नये?

"मी कोण आहे इथे? गडी?" त्याने हात्सुला विचारलं. खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरच्या रजईत शिरून ती त्याच्याच मांडीला टेकून झोपली होती. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

अंगणात छातीभर बर्फ. गोन्तासाठी रोज सकाळी तेइझोने वाट खणायची आणि गोन्ताने चार पावलं टाकून माघारी फिरायचं. "हरामखोरा, कुणासाठी खणतोय मी?" चौथ्या दिवशी छप्पर करकरायला लागलं, तेव्हा शिडी लावून तो वर चढला आणि दोन तास बर्फ खाली ढकलत राहिला. उतरताना कंबरेत अशी कळ आली, की तो शिडीला मिठी मारून उभाच राहिला. त्या संध्याकाळी सुमिएने विचारलं, हात्सु चटई ओरबाडत नाही ना?

सहाव्या दिवशी गोन्ताने अन्न सोडलं. तेइझोने शिव्या देत देत दिवसभर त्याला चमच्याने पेज भरवली. फोनवर सगळं सांगितलं: किती चमचे गेले, किती ओकले.

"किती दमला असेल बिचारा," सुमिए म्हणाली. बिचारा म्हणजे गोन्ता!

सातव्या दिवशी गोन्ता उठून बसला, त्याने वाडगं चाटूनपुसून साफ केलं. सहाला फोन वाजला.

"अहो, गोन्ता..."

"बस्स! गोन्ता, हात्सु, गोन्ता, हात्सु! नवरा जिवंत आहे का मेला, एकदा तरी विचारलंस? मी माणूस आहे का नाही?"

पलीकडे तीही भडकली.

"विचारायचे की! लग्नानंतर दहा वर्षं रोज विचारायचे. तुम्ही काय म्हणायचात? 'वाढ.' 'पाणी तापलं का?' 'झोपतो.' करवतीत बोट गेलं तुमचं, तेही मला शेजारणीकडून कळलं! मुकी जनावरं परवडली, त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं तरी. तुमच्या तोंडाकडे बघून काय कळणार? रडून रडून सोडलं मी विचारणं."

'मला काय धाड भरलीय' हे तेइझोच्या अगदी ओठांवर आलं होतं. राग तसाच होता, पण तो आता कुणावर काढावा हे त्याला कळेना.

"ऐकताय ना?"

"सुमिए," तो म्हणाला. एरवी तो तिला नुसतं 'ए' म्हणायचा. "कंबर दुखतेय गं. तीन दिवस झाले. पायात मोजा घालता येत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"डावीकडे का उजवीकडे?" तिने विचारलं.