वरच्या पट्टीवरची बोटं

मित्रांनो, शिकागोच्या या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये दारामागे उभा असलेला जुना खांब म्हणजे मी. पोरांची उडी मोजणं हे माझं काम. माझ्या डोक्याशी रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या एकीवर एक बसवल्या आहेत. पोरगा उडी मारतो, हाताने पट्ट्या फिरवतो, आणि फिरलेली सर्वांत वरची पट्टी म्हणजे त्याच्या उडीची उंची. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडायचे, त्याआधी दरवर्षी पोरं माझ्याकडे यायचीच.

ओडेसाबाई संघासाठी पोरं पारखतात. उडीआधी पोरांच्या बोटांना खडूची पूड लावायची ही त्यांची जुनी सवय. माझ्यावर त्यांचा फार जीव. स्वतःच्या हाताने तेल घालायच्या मला.

आणि मग ती चटई आली! काळी, चपटी, जमिनीवर लोळणारी. पोरगा हवेत किती वेळ राहिला ते मोजते आणि आकडा दाखवते. तिला सांभाळणारा कॉलिन तिला मऊ फडक्याने रोज पुसतो. मी मात्र दारामागे धूळ खात. काय सांगू, तिला पुसताना पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधी एकदा ही तोंडघशी पडते, एवढीच माझी इच्छा होती.

यंदा संघाला एकच पोरगा घ्यायचा होता. एक हॉलिस, मोठ्या कॉलेजचा, गाजलेला. दुसरा क्विन्सी, मिसिसिपीच्या लहानशा कॉलेजचा. उंचीला कमी, त्याच्याजवळ होती ती फक्त उडी. चटईने हॉलिसला वरचढ ठरवलं.

ओडेसाबाई म्हणाल्या, "अरे, तो पाय पोटाशी घेतोय. पाय उशिरा टेकले की आकडा वाढतो. तुझ्या चटईला काय कळतंय?"

कॉलिन हसला. "मग काय करू, बाई?"

"खांब काढ."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. बघ म्हटलं चटईबाई, आता बघ!

हॉलिसने उडी मारली. त्याची उडी चटईने सांगितली त्यापेक्षा बरीच कमी भरली. मग क्विन्सी. तो उडाला आणि माझ्या अगदी वरच्या पट्टीवर त्याचा हात फाटकन बसला. पण पट्टी हलेना. किती दिवस कुणी तेल घातलं नव्हतं, दांडी गंजून वरच्या पट्ट्या तिला घट्ट बसल्या होत्या. फिरल्या त्या फक्त खालच्या. कॉलिनने फिरलेली पट्टी पाहिली आणि क्विन्सीला हॉलिसच्या खाली लिहिलं.

ओडेसाबाई शिडीवर चढल्या. वरच्या पट्टीवर खडूची चार बोटं उमटली होती.

"हे बघ, पोचलाय तो," त्या म्हणाल्या.

"पट्टी फिरली नाही, बाई. डाग कसा लिहू? पुन्हा उडू दे."

त्यांनी तेल घातलं. पण दिवसभर पळून क्विन्सीच्या पायांत जीव उरला नव्हता. तो पुन्हा उडाला, पुन्हा उडाला, आणि हॉलिसच्या खालीच राहिला. मग गुडघ्यांवर हात ठेवून वर पट्टीकडे बघत राहिला. म्हणाला, "मघाशी लागला होता हो माझा हात."

"माहीत आहे मला, पोरा," बाई म्हणाल्या.

संघाने हॉलिसला घेतलं.

चटई अजून मधोमध आहे. तिचा आकडा खोटा निघाला तरी कॉलिन तिला पुसतो, आणि ते पाहून मी अजूनही जळतो. माझी वरची पट्टी मात्र ओडेसाबाई कुणाला पुसू देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूला खुशाल दारामागे ठेवा. पण कामाला बोलवायची असेल, तर आधी तिला तेल घाला. मी काय, उभा राहीन इथेच. त्या चार बोटांना कोण सांगणार, की ती पोचली नव्हती?