घरी जेवून या

प्राचीन ग्रीसमधल्या अख्ख्या कॉरिंथ शहरात वेटुरिअससारखा सज्जन माणूस शोधून सापडला नसता. निदान वेटुरिअसचं तरी तसं ठाम मत होतं. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, संध्याकाळी त्याच्या अंगणात सगळे ख्रिस्ती विश्वासी, धनी काय नि दास काय, एकत्र जेवायला जमत. त्या दिवसापुरता तो त्याच घरात राहणाऱ्या आपल्या दासीला, नेब्रिसला, ‘भगिनी’ म्हणे. एरवी ती नुसती ‘ए’.

नेब्रिस त्या ‘भगिनी’ला काडीची किंमत देत नसे. ती अंगणात यायची ती जेवायला. आठवडाभर सातूची पातळ पेज पिऊन काढल्यावर तेवढं एकच बरं जेवण तिच्या वाट्याला यायचं.

तिथंही गोम होतीच. धनी आणि त्याचे श्रीमंत मित्र दुपारपासून आतल्या दालनात आडवे होऊन चापायचे, आणि बंदरावरचे विश्वासी हमाल काम आटोपून येईपर्यंत उष्टं तेवढं उरायचं. मागच्या खेपेला स्टाखिस हमालानं सगळ्यांदेखत विचारलं, “भाऊ, हाडं चोखायला बोलावता होय आम्हाला?” वेटुरिअसला ते फार झोंबलं. म्हणून आज त्यानं समतेचा तोडगा काढला.

“बंधूंनो, यापुढं भेदभाव बंद! प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा, द्राक्षारसाचा एक घोट. मलासुद्धा तेवढंच. कुणाला भूक असेल तर त्यानं घरी जेवून यावं.”

मित्रांनी माना डोलावल्या. त्यांच्या ओठांवर डुकराची चरबी अजून चमकत होती. ते मांस नेब्रिसनंच भाजलं होतं. तिला त्या तोंडांची किळस आली. बंदरावरून थेट आलेला स्टाखिस हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला.

“धनी, घरी म्हणजे कुठं?” नेब्रिसनं विचारलं.

“हे काय विचारणं झालं? जिथं राहतेस तिथं!”

“बरं.”

ती आत गेली, उरलेल्या मांसाचं ताट उचलून आणलं, अंगणात मधोमध बसली आणि खाऊ लागली.

“अगं, काय चाललंय हे?”

“घरी जेवतेय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वेटुरिअस तिच्या कानाशी वाकला. “ए, उद्या चाबकानं सोलून काढीन.”

त्या चाबकाचे वळ तिच्या पाठीवर होते. तिनं घास गिळला.

“उद्याचं उद्या, भाऊ,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि जरा सरकून बसली. “स्टाखिसदादा, या. बहिणीच्या घरी जेवायला या.”