मारिसेलाच्या भट्टीवर

“थोडा सॉस मिळेल का सोबत?” मी विचारलं आणि मागच्या रांगेतलं बोलणं एकदम थांबलं.

मांस कापणाऱ्या माणसाने सुरी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. आमच्या मुलखात धुरावर शिजलेल्या मांसावर सॉस मागणं म्हणजे शिजवणाऱ्याला तोंडावर नावं ठेवणं. बोमाँट शहरातून लग्न होऊन इथे येऊन माझे केस पांढरे झालेत, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या नवऱ्याला, अर्विनला, कोरडा घास गिळता येत नव्हता, आणि माझा सगळा जीव त्या घासात अडकला होता.

“बोमाँटची आहे ती,” माझ्या मागून अर्विन म्हणाला. “तिकडे कशावर काय वाटेल ते ओततात. मनावर घेऊ नका.”

रांग हसली. मीही हसले. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच बोलणं, आणि माझी टिंगल करण्याइतकं बळ त्याच्यात अजून आहे हे पाहून मला बरं वाटलं.

माझ्या नवऱ्याने जन्मभर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कच्च्या रस्त्यांवर ते सपाट करणारा ग्रेडर चालवला. रस्ता सपाट असला की तो कुणी केला हे कुणी विचारत नाही. अर्विनचं नाव झालं ते दुसऱ्याच कामाने. दर उन्हाळ्यात चर्चच्या मेळाव्याला ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचं मांस, तो शिजवायचा आणि सगळं गाव बोटं चाटत घरी जायचं. मग या हिवाळ्यात घशात गाठ निघाली. ह्यूस्टनला किरणं दिली. गाठ गेली आणि तिच्याबरोबर जिभेची चवही गेली, ती काही परत आली नाही. सूप चिखल, अंडं रबर, असं म्हणून तो ताट सरकवायचा. वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नळी घालून घेणार नाही, असं अर्विनने त्यांना शांतपणे सांगितलं होतं. त्याचा अर्थ काय होतो ते आम्ही घरी कधी बोललो नाही.

पशुखाद्याच्या जुन्या गोदामात हे नवं हॉटेल उघडलं, तेव्हा मी हट्टाने त्याला घेऊन आले. तो यायला तयार नव्हता, कारण भट्टी मारिसेलाची होती. टायरवाल्या रुबेनची ही पोरगी एकदा चर्चच्या भट्टीपाशी येऊन म्हणाली होती, मला शिकवा. अर्विनने तिला सांगितलं, भट्टी पुरुषांची, बायकांचं काम बटाट्याच्या सॅलडचं. आमच्याकडे तशीच रीत होती. सॅलड मीच करायचे, त्यामुळे मला ते चांगलंच आठवतं. पोरगी निघून गेली, लॉकहार्ट गावात कुणाच्या तरी भट्टीवर राबली आणि इथे परत आली.

कागदावरचं मांस घेऊन आम्ही मागच्या दाराजवळ बसलो. तिथून भट्ट्या दिसत होत्या. लांबलचक, काळ्या, आणि धूर इतका पातळ की नीट पाहिलं तरच दिसावा. मारिसेला झाकणावर नुसता तळवा ठेवायची, थांबायची, एखादं लाकूड सरकवायची. तिला कसली म्हणून घाई नव्हती. बघता बघता मी सॉसची लाज विसरले. चर्चमध्येही माझं मन इतकं शांत क्वचितच होतं. अर्विनने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

त्याने एक काप उचलून बोटावर आडवा टाकला. काप दोन्हीकडे लोंबला, पण तुटला नाही; नीट शिजल्याची हीच खूण. त्याने तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिला. तेवढ्यात मारिसेला हात पुसत टेबलापाशी आली.

“कसं झालंय, मिस्टर अर्विन?”

तो नुसती मान हलवून सुटू शकला असता.

“मला नको विचारूस,” तो म्हणाला. “माझी जीभ मेलीय. तिला विचार. बोमाँटची असली तरी आमच्या घरात आता तेवढी एकच जीभ चालू आहे.”

मी काप तोंडात घातला. वरची काळी खरपूस साल आधी कुरकुरली, मग आतली चरबी लोण्यासारखी विरघळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ, मिरी आणि लाकूड, एवढ्यातून हे कसं निघालं असेल?

“माझ्यापेक्षा चांगलं आहे?” अर्विनने विचारलं.

इतकी वर्षं मी त्याला, तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही, असं सांगत आले होते. त्याच्या शर्टाच्या गळ्यात आता दुसरी मान मावली असती. अशा माणसाशी खोटं बोलणं सोपं होतं. पण घास अजून तोंडात होता.

“हो,” मी म्हटलं. “तुझ्यापेक्षा चांगलं. बरंच चांगलं.”

मारिसेला खाली बघत राहिली. अर्विन माझ्याकडे पाहत होता. त्याला माझा राग आला असता तरी मी समजून घेतलं असतं. मग तो तिच्याकडे वळला.

“तुला मी सॅलडकडे पाठवलं होतं,” तो म्हणाला. “चुकलो, पोरी.”

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसाच, झाकणावर ठेवत होती तसा, आणि भट्टीकडे परत गेली.

अर्विनने कागद स्वतःकडे ओढला. एक काप फाडून तोंडात घातला.

“कसं लागतं सांग,” तो म्हणाला.

“आधी मिरी,” मी म्हटलं. “जिभेच्या टोकाला. मग मीठ, पण जास्त नाही.”

त्याने गिळलं. कष्टाने, पण गिळलं. दुसरा तुकडा घेतला.

“मग?”

“मग धूर. मागून येतो, हळूच. आणि शेवटी थोडंसं गोड लागतं.”

“गोड?”

“हो. गोड.”

त्याने डोळे मिटले आणि चावत राहिला. मी सांगत गेले, तो खात गेला.