खड्ड्यांनी फिरवलेला कौल

रविवारी सरकारी कोर्ट बंद, म्हणून निलंग्याकडच्या एका माळावर, अंगात देवी येणाऱ्या जगदेवीअक्काचं कोर्ट भरायचं. मांडीवर केसच्या फायली घेऊन लोक रांगेत बसायचे. कुणाचा बांध, कुणाची फारकत. किल्लारीवरून माझी जीप भरून यायची, म्हणून माझी देवीबद्दल काही तक्रार नव्हती.

अक्का तांब्यात तांदूळ भरायची, त्यात सुरी खुपसायची आणि सुरी वर उचलायची. सुरीला लटकून तांब्या उठला की अपील करा, जिंकलात. न्हाई उठला की अक्का घुमत म्हणायची, "बेडा, बेडा." म्हणजे कानडीत नको. होकार मराठीत, नकार कानडीत. दोन भाषांत निकाल देणारी देवी मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या रविवारी जीपमध्ये केवळाबाई होती. तिच्या नवऱ्याला, ग्यानोबाला, ट्रकनं उडवलं होतं. कोर्टानं भरपाई दिली, पर निकालात लिहिलं की अर्धी चूक ग्यानोबाचीच, म्हणून भरपाई बी अर्धी.

"कडेकडेनं सायकलवर चालला होता ओ माणूस," ती म्हणाली. "पैशाचं सोडा, मृत्युंजयदादा. मेलेल्याच्या नावावर ती अर्धी चूक ऱ्हाऊ द्यायची न्हाई मला."

वकील म्हणाला होता, हायकोर्टात अपील करा, मुदत येत्या आठवड्यात संपते. संगं आलेला दीर वैजनाथ म्हणाला, आधी देवीला विचारू.

केवळाबाईचा तांब्या उठला न्हाई.

"बेडा," अक्का घुमली. "वर गेलीस तर हातातलं बी जाईल."

वैजनाथनं हात जोडले. "देवीच न्हाई म्हणतीय, वहिनी. मिटवून टाकू."

केवळाबाईनं फाईल पिशवीत घातली. मला मात्र खटकलं. आधीच्या माणसाचा तांब्या अक्कानं "देवी, जागी हो" म्हणत दगडावर चांगला आपटला होता, सुरी बी चारपाचदा खुपसली होती. हिच्या तांब्यात तांदूळ अलगद ओतला आणि सुरी एकदाच.

मी भोळा चेहरा करून पुढं गेलो. "अक्का, देवी रुसली दिसतीय. तांब्याची माझ्या जीपमधून मिरवणूक काढू?"

लोकांनी तिथंच जयजयकार केला. अक्काला नको म्हणता येईना, कानडीत बी.

तांब्या केवळाबाईच्या मांडीवर देऊन मी फाट्यापर्यंत जाऊन आलो. एक खड्डा चुकवला न्हाई. परत आल्यावर म्हणलं, "आता तुम्हीच खुपसा, वहिनी. राग काढा त्याच्यावर." तिनं काढला. सुरी उचलली तसा तांब्या लटकून वर आला.

"बघा," मी म्हणलं, "खड्ड्यांनी देवीचं मत फिरवलं."

मग मी तांदूळ बाहेर ओतून परत अलगद भरला. सुरी मोकळी निघाली. आपटून, ठासून भरला. तांब्या उठला. पोतं भरताना आपण आपटतो ते कशाला? दाणा बसावा म्हणून. ठासलेला दाणा सुरीला आवळून धरतो आणि तांब्याचं तोंड अरुंद, म्हणून बाहेर बी निघत न्हाई. एवढीच ती देवी.

"मग हिलाच नको का म्हणलीस?" एका म्हातारीनं विचारलं.

अक्का घुमायची थांबली. "मला काय विचारता? तिच्या दिराला विचारा."

वैजनाथ खाली बघत बोलला, "ट्रकचा विमा संपलेला. सगळी भरपाई मालकाच्या अंगावर. अपील होऊ दिलं न्हाईस तर गाडी चालवायला देतो, म्हणला."

"कोणती गाडी?" केवळाबाईनं विचारलं.

त्यानं जीपकडं तोंड फिरवलं.

"तीच का रे?"

"दुसरी रिकामी नव्हती, वहिनी."

मला कुठंबी चावट बोलायची सवय. तिथं मात्र मी तांब्या रिकामा करून अक्कापुढं पालथा ठेवला.

लोकहो, चूक कोर्टाची बी होते. पर तिथं का तसं ठरवलं ते लिहून द्यावं लागतं, आणि त्या लिहिलेल्यावर बोट ठेवून वरच्या कोर्टात भांडता येतं. तांब्याला कारण विचारा बघू. आणि कौल कुणाच्या सोयीचा निघाला, तेवढं हात जोडायच्या आधी बघत जा.

परतताना वैजनाथ सवयीनं वहिनीशेजारी बसायला आला. तिनं पिशवीतली फाईल काढून त्या जागेवर ठेवली. "जागा धरलेली हाय," म्हणाली.

सोमवारी तिला वकिलाकडं मीच सोडलं. अपील जिंकेल का, ते मला ठाऊक न्हाई. मी काय तांब्या हाय?