आई

आर्देलियाने पिंपाच्या भोकातून काठी आत घातली, तळाशी फिरवली आणि बाहेर काढली. काठी स्वच्छ होती.

“गरम पाण्याने धुतलं,” तिचा नवरा ओरेस्ते अभिमानाने म्हणाला. त्याच्या बाह्या अजून ओल्या होत्या. “केवढा गाळ साठला होता!”

तो गाळ म्हणजेच ‘आई’. पणज्यापासून चालत आलेलं, या घराच्या गोड वाइनचं विरजण. आजवर त्या पिंपाजवळ पाण्याचा थेंब येऊ न देणारा माणूस हाच. गेल्या वर्षापासून त्याला गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. खालच्या खोलीत सुकवलेल्या द्राक्षांचा रस पिळून तयार होता. पुढच्या हंगामात त्याला द्राक्षं तरी ओळखू येतील की नाही, कोण जाणे.

आर्देलियाने त्याला तीनचाकीत बसवलं आणि नणंदेचं, झेलिंदाचं घर गाठलं.

झेलिंदाने स्वतःच्या लग्नात बाटलीभर आई मागितली होती. ‘घरची आई परक्या घरी जात नसते,’ असं आर्देलियानेच ठणकावलं होतं. ती स्वतः परक्या घरून येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चादरी मात्र दिल्या होत्या. त्यातल्या दोन जुन्या.

“या वहिनी! रस्ता चुकलात?”

“ओरेस्तेने आई धुऊन टाकली.”

झेलिंदाचे कणकेतले हात थांबले. “दादाने? स्वतः?”

“तुमची असेल ती दे. हलकी असली तरी चालेल. हात जोडते.”

“जोडू नका. तुम्हाला शोभत नाही.”

ती आतून फडकं बांधलेली बरणी घेऊन आली. आर्देलियाने गाठ सोडून वास घेतला. अक्रोड, करपलेला मध. ती पुन्हा वाकली.

“ही आमची आहे.”

“हो का? बघा बाई!”

“चोरलीस?”

“परत ठेवू का आत?”

आर्देलियाने बरणी छातीशी धरली आणि बाहेर आली. तीनचाकीत बसून राहिलेल्या ओरेस्तेची नजर बरणीवर गेली तशी तो दचकला. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, घाईघाईने कोट काढला आणि बरणीवर टाकला.

“झेले, झाकून ने गं,” तो कुजबुजला. “आर्देलिया बघेल.”

आर्देलियाने कोट नीट सारखा केला.

“बरं, दादा,” ती म्हणाली.